नववी-दहावीचं गणित: इंटरनेटवरचं काय घ्यावं आणि वर्गात कसं उतरवावं

गणित शिकवण्यासाठी इंटरनेटवर काय आहे, असं विचारलं की व्हॉट्सॲपच्या शिक्षक ग्रुपवर तासाभरात पन्नास लिंका येऊन पडतात. त्या सगळ्या उघडून पाहायला कुणाला वेळ आहे? परीक्षेचे अर्ज, शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसवरची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि शिवाय रोजचे सहा तास. म्हणून हा लेख लिंकांचा नाही. मराठवाड्यातल्या साध्या अनुदानित किंवा झेडपी हायस्कूलमध्ये, एका स्मार्टफोनवर आणि जमलं तर एका टीव्हीवर, नववी-दहावीच्या गणितात खरंच उपयोगी पडतात अशा मोजक्या गोष्टी आणि त्या वापरायची पद्धत, एवढंच यात आहे.

सुरुवात उत्तरपत्रिकांपासून

वेबसाइट शोधायच्या आधी मागच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका काढा आणि लेकरं नेमकी कुठं अडली ते एका कागदावर लिहा. ‘भूमिती कच्ची’ असं लिहून भागत नाही. ‘अंतर्लिखित कोन आणि केंद्रीय कोन यांत गोंधळ’, ‘विवेचक काढतात पण ऋण आला म्हणजे काय ते सांगता येत नाही’, ‘सारणीतून मध्यक काढताना संचित वारंवारता चुकते’, इतकं नेमकं लिहा. मग प्रत्येक नोंदीपुढं ठरवा: ही गोष्ट हलताना पाहिली तर कळेल, हातानं चार वेळा केली तर बसेल, की खऱ्या आकड्यांवर वापरली तर पटेल? पहिल्या प्रकारासाठी हलणारी आकृती लागते, दुसऱ्यासाठी सरावाचे प्रश्न, तिसऱ्यासाठी आकडेवारीची संकेतस्थळं. एका अडचणीला एकच साधन निवडा. एका तासात तीन ॲप दाखवली की पोरांना ॲपच लक्षात राहतात, प्रमेय राहत नाही.

पाठ्यपुस्तकाला सोडून काही करायचं नाही, म्हणून पहिलं डाउनलोड बालभारतीचंच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर गणित भाग १ आणि भाग २ ची पीडीएफ मोफत मिळते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची उतरवून ठेवा. आपल्याकडं सेमी-इंग्रजीच्या तुकड्या वाढल्यात, आणि प्रकरणांची मांडणी तीच असल्यानं एका पुस्तकातली आकृती दुसऱ्या वर्गालाही चालते. टीव्हीवर पीडीएफ मोठी करून फक्त आकृती दाखवली तरी फळ्यावर ती काढण्यातली पाच-सात मिनिटं वाचतात. पुस्तकातले क्यूआर कोड केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये उघडतात. तिथलं साहित्य सगळंच चांगलं आहे असं नाही, काही व्हिडिओ तर पुस्तकच वाचून दाखवतात. पण एकदा उतरवलं की ते इंटरनेटशिवाय चालतं, म्हणून प्रकरण सुरू करायच्या आठवड्यात त्याचे कोड एकदा स्वतः तपासून घ्यावेत.

भूमिती: जिओजेब्रा एकदा शिकाच

एकच साधन शिकायला वेळ असेल तर जिओजेब्रा शिका. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ते सुरू केलं. आज ते शिक्षणासाठी मोफत आहे, मोबाईलवर चालतं आणि ॲप एकदा घेतलं की आकृती काढायला नेट लागत नाही. हाती धरून शिकवणारं कुणी नसेल तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प पाहा. जिओजेब्रा, लिब्रेऑफिस कॅल्क अशा प्रणालींवर दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यातले बरेचसे मराठी निवेदनासह मिळतात.

दहावीच्या ‘वर्तुळ’ प्रकरणातलं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय घेऊन पूर्ण तास कसा होतो ते पाहू.

आदल्या रात्री घरी जिओजेब्राचं भूमितीचं ॲप उघडा. केंद्र आणि एक बिंदू घेऊन वर्तुळ काढा. वर्तुळावर आणखी तीन बिंदू घ्या. त्यातल्या दोघांना केंद्राशी जोडलं की केंद्रीय कोन होतो, तिसऱ्याशी जोडलं की अंतर्लिखित कोन. कोनाचं साधन निवडून दोन्ही कोन मोजा. इथं एक खोच आहे: बिंदूंवर ज्या क्रमानं बोट टेकवाल त्यावर कोन ठरतो. क्रम उलटा झाला की आतल्या कोनाऐवजी बाहेरचा मोठा कोन दिसतो. तसं झालं तर पुसून उलट्या क्रमानं टेकवा. फाइल जतन करून ठेवा.

वर्गात आकृती लगेच दाखवू नका. आधी प्रत्येकानं वहीत कंपासनं हव्या त्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, कोन काढायचे, कोनमापकानं मोजायचे आणि दोन्ही मापं फळ्यावर येऊन लिहायची. कुणाचं ८४ आणि ४१ येतं, कुणाचं १०० आणि ५०. निम्म्याचा वास यायला लागतो, पण सगळ्यांचं नेमकं जुळत नाही. आता टीव्हीवर आकृती आणा आणि विचारा, ‘हा बिंदू चापावरून सरकवला तर कोन वाढेल का कमी होईल?’ हात वर करून मत घ्या. मग सरकवा. कोन जागचा हलत नाही हे पाहून वर्गात जी कुजबुज होते, ती शंभर वेळा समजावूनही होत नाही.

आता तोच बिंदू ओढत ओढत पलीकडच्या चापावर न्या. कोन एकदम बदलतो. आधी ५० होता तो १३० होतो. बेरीज १८०. कुणीतरी मागच्या बाकावरून ‘सर, चक्रीय चौकोन’ म्हणेपर्यंत थांबा. पुस्तकात पुढं येणारं प्रमेय त्यांनी स्वतः गाठलेलं असतं. त्यानंतर टीव्ही बंद करायचा आणि सिद्धता फळ्यावर घ्यायची. ओढून पाहिलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. नाहीतर पेपरात ‘जिओजेब्रात दिसते’ असं लिहिणारा एखादा निघतोच.

याच रीतीनं समरूपतेतलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, पायथागोरस आणि भूमितिमध्याचं प्रमेय, स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय असे तास बसवता येतात. मात्र ‘भौमितिक रचना’ हे प्रकरण पडद्यावर शिकवू नका. तिथं हातात कंपास धरणं हेच शिकायचं असतं आणि गुणही कागदावरच्या कमानींना मिळतात. त्या तासाला फोनचा उपयोग वेगळा: पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर पट्टी आडवी ठेवून फोन खाली तोंड करून ठेवा, कॅमेरा सुरू करा आणि टीव्हीला जोडा. तुमच्या वहीवर कंपास कसा फिरतो ते शेवटच्या बाकापर्यंत दिसतं. फळ्यावरच्या लाकडी कंपासपेक्षा हे कितीतरी बरं.

बीजगणितासाठी

डेस्मॉसचा आलेख-कॅल्क्युलेटर वेबवर आणि ॲपमध्ये मोफत आहे. समीकरण लिहिलं की आलेख येतो आणि अक्षरी सहगुणक लिहिला की तो सरकवायची पट्टी आपोआप विचारतो. वर्गसमीकरणाच्या मुळांचं स्वरूप शिकवताना हे सोनं आहे. आपल्या पुस्तकात विवेचकाच्या (बीचा वर्ग उणे ४एसी) तीन स्थिती सांगितल्या आहेत, पण मुलांसाठी ती पाठ करायची सारणी होऊन बसते. एक्सचा वर्ग, उणे चार एक्स, अधिक सी अशी राशी घ्या आणि सीची पट्टी सरकवा. सी ३ असताना आलेख एक्स अक्षाला १ आणि ३ या दोन ठिकाणी छेदतो, विवेचक ४. सी ४ केला की आलेख २ पाशी फक्त टेकतो, विवेचक शून्य. सी ५ ला आलेख अक्षाच्या वर उचलला जातो, विवेचक उणे ४, वास्तव मुळं नाहीत. वर्गसमीकरणाचा आलेख परीक्षेला नाही म्हणून हा भाग गाळू नये. पाच मिनिटं लागतात आणि सारणी पाठ करायची गरज उरत नाही.

ज्यांचं आठवीचं अवयव पाडणंच राहून गेलंय, अशी पाच-दहा लेकरं प्रत्येक नववीत असतात. त्यांच्यासाठी पॉलीपॅड पाहा. पडद्यावर चौकोनी फरश्या सरकवता येतात: एक मोठा चौरस म्हणजे एक्सचा वर्ग, पट्टी म्हणजे एक्स, छोटा चौरस म्हणजे एक. एक चौरस, पाच पट्ट्या आणि सहा छोटे चौरस देऊन सांगायचं, यांचा एक पूर्ण आयत कर. आयताच्या बाजू एक्स अधिक दोन आणि एक्स अधिक तीन निघतात. पडदा नसेल तर जुन्या लग्नपत्रिका कापून हेच करता येतं आणि खरं सांगायचं तर लग्नपत्रिकांनी जास्त चांगलं होतं, कारण प्रत्येकाच्या हातात येतं.

फेट ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशनं. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. विज्ञानाच्या शिक्षकांना ती माहीत असतात, गणितवाले तिकडं फिरकत नाहीत. तिथं रेषेचा आलेख, समीकरणाचा तराजू, संभाव्यतेचा प्लिंको (खिळ्यांवरून गोट्या पडण्याचा खेळ) असं बरंच काही आहे आणि अनेक सिम्युलेशनं मराठीतही आहेत. मोठी सोय अशी की प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरतं. पेन ड्राइव्हवर टाका, शाळेच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये उघडा, नेट नको. त्रिकोणमितीचं ‘ट्रिग टूर’ मात्र दहावीला देऊ नका. ते एकक वर्तुळावर पूर्ण फेरी मारतं, आपलं काम काटकोन त्रिकोणातच संपतं. उगाच गोंधळ.

आपल्या भागातले आकडे

तयार साहित्य शोधण्यापेक्षा खरे आकडे शोधावेत आणि प्रश्न आपण बनवावेत, असं माझं ठाम मत आहे. मराठवाड्यात तर गणिताला विषयांची वाण नाही.

सांख्यिकीसाठी कृषी विभागाचं महारेन संकेतस्थळ घ्या. तिथं महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. आपल्या मंडळाचा जुलै उतरवा आणि मुलांना मध्य, मध्यक, बहुलक काढू द्या. नमुन्यादाखल दहा दिवसांचा पाऊस असा समजा: सहा दिवस शून्य, एक दिवस २, एक दिवस ३, मग एक दिवस ५ आणि एक दिवस ११० मिलिमीटर. बेरीज १२०, मध्य १२. मध्यक शून्य, बहुलकही शून्य. रोज सरासरी १२ मिलिमीटर म्हणजे पीक छान असायला हवं. प्रत्यक्षात सोयाबीन आधी सुकलं आणि मग एका रात्रीत वाहून गेलं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की आपल्याकडं अतिवृष्टी धरतात, हे घराघरात माहीत असतं. मध्य कधी फसवतो हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठल्याही परदेशी वर्कशीटमध्ये मिळणार नाही.

राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि दर मिळतात. इथं एक प्रश्न जरूर द्या. समजा एका बाजारात २,००० क्विंटल सोयाबीन ४,४०० रुपयांनी गेलं आणि दुसऱ्यात १०० क्विंटल ४,७०० नं. दोन दरांची साधी सरासरी ४,५५०. पण शेतकऱ्यांना मिळालेला खरा सरासरी दर सुमारे ४,४१४ च येतो. आवक म्हणजेच वारंवारता. वर्गीकृत सारणीत वारंवारतेनं का गुणायचं, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारत नाही. नांदेडचं, लातूरचं, हिंगोलीचं, आपल्या तालुक्याचं जे आहे ते घ्या. बापाच्या बाजारातल्या विक्रीपट्टीवरचा आकडा पोरगा ओळखतो.

महत्त्वमापनासाठी एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी (टाकीचे डबे), प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. आजची दहावीची मुलं तेव्हा अगदी लहान होती, पण घरी विचारून येतात. वाघीण वृत्तचिती धरली आणि लांबी १० मीटर मानली, तर त्रिज्या किती? ५० हजार लिटर म्हणजे ५० घनमीटर, त्रिज्या येते सुमारे १.२६ मीटर. लिटर आणि घनमीटर यांचं नातं दर वर्षी विसरणारी मुलं हे गणित केल्यावर विसरत नाहीत.

त्याला जोडून शेततळं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतला एक मोठा आकार ३० बाय ३० बाय ३ मीटर. तळ्याच्या बाजू सरळ उभ्या नसतात, त्यांना उतार असतो. उतार एकास एक धरला तर तळाशी चौरस २४ मीटरचा उरतो. पुस्तकात शंकूछेद आहे, हा पिरॅमिडचा छेद. जिओजेब्राच्या त्रिमिती ॲपमध्ये पिरॅमिड उलटा काढून दाखवा: उतार तसाच खाली नेला तर बाजू १५ मीटर खोलीवर एका बिंदूत मिळतील. मोठ्या पिरॅमिडचं घनफळ ९०० गुणिले १५ भागिले ३, म्हणजे ४,५००. खालच्या न खोदलेल्या लहान पिरॅमिडचं ५७६ गुणिले १२ भागिले ३, म्हणजे २,३०४. वजा करा: २,१९६ घनमीटर, जवळपास २२ लाख लिटर. पहिल्या पाणीरेल्वेच्या चार फेऱ्यांहून जास्त पाणी एका तळ्यात. शिवाय १५ ला १२ आणि ३० ला २४ हे गुणोत्तर एकच का, असं विचारलं की समरूपतेची उजळणी फुकटात होते. हा एक प्रश्न पूर्ण तास खातो. खाऊ द्या.

अर्थनियोजनाच्या प्रकरणात एक सावधगिरी हवी. आपलं दहावीचं पुस्तक २०१८ चं. त्यात जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले: आता मुख्य टप्पे ५ आणि १८ टक्के, आणि मोजक्या वस्तूंवर ४०. कंपासपेटी १२ वरून ५ वर आली, वह्या आणि पेन्सिली शून्यावर, ट्रॅक्टर आणि ठिबक संचही १२ वरून ५ वर. चालू दर अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मुलांना दोन्ही सांगा: पेपरात जो दर दिलेला असेल त्यानंच गणित सोडवायचं, आणि दुकानात बिल मागून आजचा दर तपासायचा. जुनं आणि नवं असं दोन्ही दरांनी एकाच ठिबक संचाचं बिल बनवायला द्या. गटकार्य म्हणून अंतर्गत मूल्यमापनातही बसतं. शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या भागासाठी मुंबई शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी यांच्या संकेतस्थळांवर रोजचे भाव असतात.

त्रिकोणमितीच्या उपयोजनासाठी फायफॉक्स हे ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं, मोफत, नेटशिवाय चालणारं. त्यात फोन किती अंशांत कलला ते दिसतं. फोनच्या कडेला एक नळी चिकटवा, नळीतून गावच्या पाण्याच्या टाकीचं टोक पाहा, दुसऱ्यानं अंश वाचायचा. समजा २० मीटरवरून ३५ अंश आले: २० गुणिले ०.७० म्हणजे १४ मीटर, त्यात डोळ्याची उंची दीड मीटर, साडेपंधरा. आता एका अंशाची चूक झाली असं धरून ३६ नं पुन्हा काढायला लावा. अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. पुस्तकात बहुतेक ठिकाणी ३०, ४५, ६० हेच कोन असतात, म्हणून मुलांना वाटतं जग त्या तीनच कोनांवर उभं आहे.

व्हिडिओबद्दल थोडं

वर्गात व्हिडिओ लावण्याच्या मी फारसा बाजूचा नाही. शिक्षक समोर असताना पडद्यावर दुसरा शिक्षक कशाला? पण आजारी पडलेल्या, गैरहजर राहिलेल्या मुलाला घरी बघायला खान अकॅडमी चांगली आहे. तिची मराठी बाजू आहे, सराव आहे, चुकलं तर टप्प्याटप्प्यानं सूचना मिळते. यूट्यूबवरच्या हिंदी व्हिडिओंबाबत मात्र सावध. हिंदीत अंकगणिती श्रेढीला समांतर श्रेढी म्हणतात आणि आपल्या पोराच्या डोक्यात समांतर म्हणजे रेषा. विवेचकाला तिकडं विविक्तकर, वर्गसमीकरणाला द्विघात समीकरण. लिंक पाठवताना सोबत दोन ओळींत आपले शब्द लिहून पाठवा. आणखी एक: केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसईच्या) दहावीत निश्चयक आणि क्रेमरची पद्धत नाही, आपल्याकडचं अर्थनियोजनही नाही. ते भाग तिकडं शोधत बसू नका.

वर्गातली जोडणी

शाळेत वीज कधी जाईल आणि नेटवर्क कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून नियम एकच: तासाला लागणारं सगळं आदल्या रात्री उतरवलेलं हवं. फोन टीव्हीला जोडायची केबल विकत घेण्यापूर्वी दुकानात आपलाच फोन लावून बघा. कितीतरी स्वस्त फोनच्या टाइप-सी खोबणीतून चित्र बाहेर जातच नाही आणि केबलचे पैसे वाया जातात. अँड्रॉइड टीव्ही असेल तर वायरशिवाय जोडता येतं, फक्त फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात. सहकाऱ्याच्या फोनचं हॉटस्पॉट त्याला पुरतं.

संगणक कक्ष असेल आणि नेट नसेल तर कोलिब्री ही प्रणाली बसवा. एका संगणकावर साहित्य एकदा उतरवायचं आणि बाकीचे संगणक स्थानिक जाळ्यावरून ते वापरतात. खान अकॅडमीचं आणि फेटचं साहित्य त्यात घेता येतं. बसवायला एक दिवस जातो, गावातल्या एखाद्या संगणकवाल्या माजी विद्यार्थ्याला बोलवा, ते हौसेनं येतात.

मुलांकडं फोन नसताना तोंडी चाचणीऐवजी प्लिकर्स हे ॲप वापरून बघा. प्रत्येकाला छापील कागदी कार्ड, कार्ड चार दिशांनी धरता येतं, दिशा म्हणजे उत्तर. तुम्ही फोन वर्गावरून फिरवला की कुणाचं उत्तर काय ते लगेच दिसतं. मोफत खात्यात एका संचात प्रश्नांची मर्यादा आहे, पण तासाच्या शेवटी दोन-तीन प्रश्नच पुरे असतात. कार्डं जाड कागदावर छापा, लॅमिनेशन नको, चकाकीमुळं कॅमेरा वाचत नाही.

सरावाच्या प्रश्नांसाठी राज्य मंडळाच्या संकेतस्थळापासूनच सुरुवात करावी. बाहेरच्या प्रश्नपेढ्यांत ‘कृती पूर्ण करा’ हा आपल्या पेपरातला प्रकार नसतोच. तो स्वतः बनवणं सोपं आहे: पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घ्या आणि नेमक्या अडणाऱ्या पायरीवर चौकट टाका. लातूरच्या क्लासेसच्या टेस्ट सिरीज व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या नीट-जेईईकडं डोळा ठेवून बनवलेल्या असतात. दहावीच्या मधल्या फळीतल्या मुलांना त्यांचा उपयोग कमी आणि धसका जास्त.

ऊसतोडीला गेलेली मुलं

बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या शाळांना हा भाग लागतोच. दिवाळीच्या आगेमागे काही कुटुंबं निघतात ती मार्च-एप्रिललाच परततात. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं आपल्याकडंच असतात. जी कारखान्याच्या अड्ड्यावर जातात त्यांच्यासोबत एखादा फोन असतो, पण त्यात रिचार्ज असेलच असं नाही. त्यांना व्हिडिओ पाठवू नका. आठवड्याला एक पान, त्याचा स्वच्छ फोटो, आणि दोन मिनिटांचा तुमचा आवाज, एवढंच पाठवा. निघण्यापूर्वीच मुलाच्या किंवा मुलीच्या घरच्या फोनवर बालभारतीची पीडीएफ आणि जिओजेब्राचं ॲप टाकून द्या. सोडवलेल्या पानाचा फोटो रात्री कधीही आला तरी दुसऱ्या दिवशी त्यावर खूण करून परत पाठवा. उत्तर आलं नाही की पुढचं पान येत नाही, हे अनुभवानं सांगतो.

दोन टोकांची लेकरं

आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेसाठी राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर जुने पेपर पाहावेत. वर्षाला १२ हजार रुपये बारावीपर्यंत मिळतात आणि उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची आहे, म्हणजे आपल्या बहुतेक वर्गाला ती लागू पडते. ज्याला पुस्तक पुरत नाही अशा एखाद्या पोरीसाठी केंब्रिज विद्यापीठाचं एनरिच आहे. १९९६ पासून चालू, कोडं वाचायला सोपं आणि खोलवर जाणारं. इंग्रजीची भीती असेल तर कोडं तुम्ही मराठीत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून आठवडाभर ठेवा. ऑलिम्पियाडचे जुने पेपर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर आहेत. शिक्षकानं स्वतः वाचायला अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’ हे नियतकालिक घ्यावं, सगळे अंक मोफत मिळतात आणि त्यातल्या कार्यपत्रिका छापून थेट वर्गात नेता येतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा साठा आहे, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून भौमितिक आकार बनवायची त्यांची कृती नववीच्या चौकोनांसाठी अजूनही माझी आवडती आहे.

राहिला फोटोमॅथ आणि एआयचा प्रश्न. गणिताचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट येतं हे मुलांना आपल्या आधी कळलेलं असतं, बंदी घालून काही होत नाही. त्यापेक्षा गृहपाठच बदला. एआयकडून एखादं उदाहरण सोडवून घ्या, शाब्दिक उदाहरण असेल तर अधूनमधून ते आत्मविश्वासानं चुकतं. ते उत्तर जसंच्या तसं फळ्यावर लिहा आणि वर्गाला सांगा, यात कुठल्या पायरीवर घसरलंय ते शोधा आणि मंडळाच्या पद्धतीनं नीट लिहा. गुण उत्तराला द्यायचे नाहीत, घसरलेली पायरी कारणासह सांगणाऱ्याला द्यायचे. सुरुवातीला दोन चलांतल्या समीकरणांवरची वयाची गणितं घ्या, ती या कामाला चांगली पडतात.